जन्म, मृत्यू, लग्न आणि लॅमिनेशन

पडेगावात माणूस जन्माला आला, बोहल्यावर चढला किंवा गेला, की सरकारला ते सावकाश कळतं. गावाला संध्याकाळपर्यंत कळलेलं असतं. छावणी ओलांडून नाशिक रस्त्याला लागलात की पार मिटमिट्यापर्यंत विजेच्या खांबाखांबावर आमची नोंदवही टांगलेली दिसेल. एका खांबावर प्रथम वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, खाली काळा चष्मा लावलेलं, अजून धड उभंही न राहणारं युवा नेतृत्व. पुढच्या खांबावर शुभविवाह. वळणावर भावपूर्ण श्रद्धांजली.

यातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स बारकाईनं वाचण्यासारखा असतो. फोटो बहुधा कुणाच्या तरी लग्नातला: डोक्याला फेटा, कपाळाला गंध, आणि डाव्या खांद्यावर एक अनोळखी हात, कारण शेजारी उभा राहिलेला पाहुणा कापून काढताना त्याचा हात तेवढा राहून गेला. पूर्ण नाव, त्यापुढे कंसात गाव ज्या नावानं हाक मारायचं ते नाव (ते नसेल तर कोण गेलं हे निम्म्या लोकांना कळतच नाही), वय, दशक्रियेचा दिवस, वेळ आणि घाट. खाली 'शोकाकुल' या सदरात भाऊ, पुतणे, जावई, व्याही आणि मित्रमंडळ असा अख्खा वंशवृक्ष. कायद्यानं मृत्यूची खबर द्यायला 21 दिवस दिलेत. तेवढ्यात आम्ही दशक्रिया, तेरावा आणि वाटणीचं पहिलं भांडण असं तिन्ही उरकतो.

तेव्हा नोंदणीच्या बाबतीत पडेगावकर आळशी आहेत असं कुणी म्हणू नये. आम्ही नोंद वेळेत करतो, सविस्तर करतो, रंगीत करतो. फक्त निबंधकाकडे करत नाही. सरकारला सांगायची आठवण होते ती काम अडल्यावर. शाळेत प्रवेश, पासपोर्ट, सातबाऱ्यावर वारस, विम्याचे पैसे यांतलं काहीतरी दारात येऊन उभं राहिलं, की मग घरात विचारणा सुरू होते, 'दाखला कुठंय?' आणि गंमत अशी की सरकारचं एक खातं नोंदी करा म्हणून विनवतं, तर दुसरं खातं पहाटे गाडी घेऊन येतं आणि खांबावरच्या आमच्या सगळ्या नोंदी उतरवून नेतं.

या दोन दफ्तरांचा सांधा म्हणजे चौकातलं मल्टिसर्व्हिसेस. दहा बाय दहाचं दुकान, पाटीवर 'पॅन, आधार, पासपोर्ट, जन्म-मृत्यू दाखला, लग्नपत्रिका, फ्लेक्स, रिचार्ज, लॅमिनेशन' आणि खाली खडूनं 'गावरान अंडी मिळतील'. चालवणाऱ्याला सगळे भाऊ म्हणतात, त्याच्यापेक्षा वयानं मोठी माणसंही. त्याच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर मागे विठ्ठल उभा आणि पुढे तीन फोल्डर: 'पोरं', 'लग्न', 'वारले'. निबंधक कार्यालयात तीन रजिस्टरं असतात, तीच ही. श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायचा असला की भाऊ आधी 'लग्न' उघडतो, कारण फोटो तिथे मिळतो.

आधुनिकीकरण म्हणतात ते पडेगावात या दुकानात घडलं. कायदा तसा जुना, जन्म-मृत्यू नोंदणीचा, 1969 चा. त्यात 2023 साली मोठी दुरुस्ती झाली आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांसाठी जन्माचा दाखला हाच शाळा, वाहन परवाना, मतदार यादी, आधार, सरकारी नोकरी या सगळ्यांसाठी जन्माचा एकच पुरावा ठरला. देशभरच्या नोंदी एका ठिकाणी ठेवायच्या असंही ठरलं. ऑक्टोबर 2024 मध्ये मोबाइल ॲप आलं. दाखल्यावर क्यूआर कोड आला, शिक्का गेला. हे सगळं चांगलंच आहे. शिक्का पुसट उमटला म्हणून ज्यांचे हेलपाटे झाले ती पिढी अजून हयात आहे, तिला विचारा. पण कार्यालयाच्या खिडकीपुढची रांग मोडली ती विरली नाही. उठून भाऊच्या दुकानात येऊन बसली. इथे बसायला बाकडं आहे आणि समोर चहाची टपरी, हीच काय ती सुधारणा.

"काय झालं भाऊ?"

"फिरू राहिलं."

"किती वेळ फिरणार?"

"दिवसा असंच फिरतंय. रात्री अकरानंतर या, मग पळतं. तेव्हा सगळं सरकार झोपलेलं असतं ना."

हे ऐकून लोक खरंच रात्री अकराला येतात. लग्नाच्या तिथीला बँड जाऊन परत येतो, तरी भाऊच्या दुकानात उजेड असतो आणि आत कुणाचा तरी ओटीपी येईना म्हणून मोबाइल खिडकीबाहेर धरलेला असतो.

आता आमच्या रस्त्याची मौज ऐका. नियम असा की घटना जिथे घडली तिथेच नोंद. तुम्ही राहता कुठे याच्याशी देणंघेणं नाही. आणि आमचा रस्ता असा की शहराकडून निघालात तर आधी छावणी, म्हणजे कटक मंडळाची हद्द. मग पडेगाव, मिटमिटा, म्हणजे महानगरपालिका. आणखी पुढे दौलताबादच्या बाजूला गेलात की ग्रामपंचायत, तिथे ज्यांना ग्रामसेवक म्हणायचे ते 2024 पासून ग्रामपंचायत अधिकारी. एकाच सिटी बसच्या तिकिटात तीन सरकारं लागतात. रिक्षात बाळंत होणाऱ्या बाईनं नेमकं कुठल्या खांबाजवळ बाळंत व्हावं, याचा विचार करूनच कळा सोसाव्यात अशी परिस्थिती. महंमद तुघलकानं 1327 साली याच बाजूला दिल्लीची माणसं हलवली; त्या लोंढ्यात किती जन्मले नि किती गेले, आणि त्यांची हद्द कुठली, हे विचारणारं कुणी नव्हतं म्हणून त्याचं निभावलं.

दुसरी अडचण हद्दीहून मोठी आहे. पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली रीत, आणि घटना जिथे तिथे नोंद हा कायदा. दोन्ही आपापल्या जागी थोर. मधे सापडतो जावई. पोरगं पडेगावात वाढतं, शाळेचा अर्ज पडेगावात, आणि दाखला सिल्लोडला नाहीतर वैजापूरला. पूर्वी जावई दाखला आणायला म्हणून सासुरवाडीला जायचा. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला, तिसऱ्या दिवशी सासरे म्हणायचे, आलाच आहात तर रविवार करून जा. हल्ली दाखला पडेगावात बसून निघतो, आणि सरकारनं सासुरवाडीचा एक हक्काचा मुक्काम काढून घेतला म्हणून काही जावई अजून नाराज आहेत.

निघतो, पण कसा निघतो? दवाखान्यात त्या गडबडीत माहिती दिलेली असते मुलाच्या मामानं. बाळाच्या वडिलांचं नाव काय, असं विचारल्यावर मामाला घाम फुटतो, कारण त्यानं आजवर त्या माणसाला 'दाजी' याखेरीज कशानंच हाक मारलेली नाही. मग लग्नपत्रिकेत वाचलेलं आठवून तो काहीतरी सांगतो. आजोबांचं नाव तर हमखास चुकतं. पाच वर्षांनी शाळेच्या दारात कळतं की कागदोपत्री या पोराचा बाप भलताच कुणीतरी आहे. घरात दोन दिवस वातावरण तंग राहतं.

नावाचं प्रकरण याहून नाजूक. जन्माची नोंद नावाशिवायही होते. बाळाचं नाव वर्षभरात फुकट घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. म्हणजे नाव ठेवायला सरकार दहावीपर्यंत थांबायला तयार आहे, पण आत्या बाराव्या दिवसापलीकडे थांबत नाही. पाळण्याशी वाकून 'कुर्र' करून ती जे नाव सांगते ते अंतिम. त्यावर अपील नाही. भांडण होतं ते तिथून पुढे, इंग्रजी स्पेलिंगवर. आत्याच्या कुर्रमध्ये स्पेलिंग नसतं. कुणीतरी अंकशास्त्रवाला म्हणतो की एक 'ए' जास्तीचा टाका, पोरगा परदेशात जाईल. जास्तीचा 'ए' टाकला जातो. पुढे आधारवर तो नसतो, आणि पोरगं परदेश राहिला, पडेगाव ते तहसील एवढाच प्रवास करत बसतं.

1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या नावात राज्य सरकारनं आईचं नाव आणलं: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. निर्णय जाहीर झाला तेव्हा चौकात बरीच चर्चा झाली. बायकांना तो एकमुखानं आवडला. पुरुषांनीही आवडल्याचं सांगितलं, आजूबाजूला बायका होत्या म्हणून. एकट्या नानांनी खरी अडचण मांडली: "चार शब्दांचं नाव फ्लेक्सवर बसायचं कसं? आमदारांचा फोटो बारीक करावा लागंल." उगाच स्वतःला मागासलेलं समजू नका म्हणून सांगतो, साहेबाच्या देशातही ही गोष्ट कालपरवाची. इंग्लंडात नागरी नोंदणी सुरू झाली 1 जुलै 1837 ला, व्हिक्टोरिया राणी गादीवर आल्यावर अकराव्या दिवशी. तेव्हापासून लग्नाच्या दाखल्यावर नवरा-नवरीच्या फक्त वडिलांची नावं असायची. आयांची नावं आली ती 4 मे 2021 ला. राज्य बाईचं, आणि दाखल्यावर बाईला जागा व्हायला 184 वर्षं! त्या मानानं आम्ही मराठवाड्याची माणसं, फार काही मागे नाही.

चुकलेलं नाव दुरुस्त करायचं तर प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, पुरावे. पुरतं बदलायचं तर राजपत्र. मात्र दुरुस्ती किती झटपट होऊ शकते याचं उदाहरण आमच्याच शहरानं घालून दिलंय. सप्टेंबर 2023 मध्ये सिद्धार्थ उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयात वाघाच्या तीन नवजात बछड्यांचं बारसं झालं. मंत्रिमहोदय हजर, चिठ्ठ्या टाकून नावं काढायची होती. श्रावणी निघालं, विक्रम निघालं, आणि एका चिठ्ठीत आदित्य निघालं. त्या वेळचं राजकारण आठवा म्हणजे पुढचं सांगायला नको. आदित्यचा जागच्या जागी कान्हा झाला. ना प्रतिज्ञापत्र, ना राजपत्र, ना आत्या. आता मिटमिट्याला सफारी पार्कचं काम चाललंय आणि पुढेमागे वाघ आमच्या शेजाराला यायचे आहेत. आले की भाऊ त्यांच्या स्वागताचा फ्लेक्स करणार हे नक्की, आणि खाली 'शुभेच्छुक' म्हणून कोण कोण असेल तेही मी आत्ता सांगू शकतो.

शहराच्या नावाचं म्हणाल तर आमच्या घरात वेगळाच घोटाळा आहे. आजोबा जन्मले हैदराबाद संस्थानात, वडील मुंबई राज्यात, मी महाराष्ट्रातल्या औरंगाबादेत आणि धाकटा पुतण्या छत्रपती संभाजीनगरात. चौघांतल्या एकानंही शहर सोडलेलं नाही. विमा एजंटानं एकदा ही चार कागदं एकत्र पाहिली आणि तुमच्या घराण्यात फिरतीची नोकरी आहे का, असं विचारलं.

जुन्या माणसांकडे गेलात तर हे सगळे प्रश्न मिटतात, कारण त्यांच्याकडे तारीखच नसते. "पोलीस ॲक्शनच्या टायमाला मी रांगत होते," म्हातारी सांगते. म्हणजे सप्टेंबर 1948; त्यातून मागे मोजा. कुणी बहात्तरच्या दुष्काळात पोटात होतं, कुणी त्याच दुष्काळात सुकडी खाऊन वाढलं. हे हिशेब पक्के असतात, पण कुठल्याही अर्जात दुष्काळाचा रकाना नसतो. ही अडचण सोडवली ती प्राथमिक शाळेच्या हेडमास्तरांनी. पोरगं डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरतंय ना, मग सहा वर्षांचं झालं. जन्मतारीख एक जून. महाराष्ट्रातल्या एका आख्ख्या पिढीला गुरुजींनी एकाच दिवशी जन्माला घातलं. त्याचा परिणाम असा की दरवर्षी 31 मे रोजी राज्यातल्या सरकारी कचेऱ्या निम्म्या रिकाम्या व्हायला लागतात, आणि भाऊच्या दुकानात सेवापूर्तीच्या फ्लेक्सला आठवडाभर आधी नंबर लावावा लागतो.

म्हणजे पूर्वी सरकारदरबारी नोंद नव्हतीच, असं मात्र नाही. गावचा कोतवाल होता. गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची वही, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. कोण जन्मलं, कोण कशानं गेलं, जात कोणती, सगळं एकेका ओळीत. ताप, पटकी, साप. त्या ओळींना शंभर वर्षं कुणी विचारलं नाही. सप्टेंबर 2023 मध्ये अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षणाच्या उपोषणानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली, मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि एकाएकी पणजोबांच्या मृत्यूला बाजारभाव आला. ज्या पणजोबांचं नाव घरात कुणाला येत नव्हतं, ते कधी वारले आणि वारताना त्यांच्या नावापुढे कोतवालानं काय लिहिलं, यासाठी नातू रेकॉर्ड रूमच्या पायऱ्या झिजवू लागले. कागद निजामाच्या काळातले, कुठे उर्दू, कुठे मोडी. मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना तेव्हा जो मान मिळाला तो त्यांना तरुणपणीही मिळाला नव्हता. त्या काळात चौकात एकजण दुसऱ्याला सांगत होता, "तुमचं बरंय, तुमचा पणजोबा वेळेवर नोंद करून मेला."

याच रस्त्यानं सरळ पुढे गेलात तर नाशिक-त्र्यंबकेश्वर. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे घराण्याघराण्याच्या वह्या आहेत, नामावळ्या. आडनाव आणि गाव सांगा, गुरुजी लाल फडक्यातून लांबट वही काढतात आणि पाच-सहा पिढ्या वाचून दाखवतात. खाली तुमच्याच आजोबांची सही. ना ओटीपी, ना विलंब शुल्क. दक्षिणा तेवढी भरावी लागते. धर्मपीठाकडे दप्तर असणं ही काही आपलीच खासियत नाही. स्वीडनसारख्या देशात लोकसंख्येची नोंदवही 1991 पर्यंत चर्चकडे होती. आमच्याकडे ती सरकारकडे आली आणि गुरुजींकडेही राहिली. दोन्हीकडच्या नोंदी जुळत नाहीत, पण गुरुजींकडच्या नोंदीवर कुणी हरकत घेतल्याचं मी अजून ऐकलं नाही.

लग्नाकडे वळू. विवाह नोंदणीसाठी राज्यात 1998 चा कायदा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं सगळ्याच लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं सांगितलं ते 14 फेब्रुवारी 2006 रोजी. न्यायमूर्तींनी तारीख मुद्दाम निवडली नसेल, पण प्रेमाच्या दिवशी एवढी व्यवहारी भेट दुसऱ्या कुणी दिलेली नाही. तरी आमच्याकडे लग्न करून लगेच नोंदणीला जाणारं जोडपं दिसलं की लोक समजतात, पळून गेलेलं असणार. सभ्य माणसं नोंदणी करतात ती व्हिसासाठी, कर्जासाठी नाहीतर नवऱ्याच्या पेन्शनसाठी, म्हणजे लग्न दहा-बारा वर्षं टिकल्याची खात्री पटल्यावर. मग पत्रिकेची शोधाशोध. हजार पत्रिका छापलेल्या, घरात एक नाही. शेवटी मावशीच्या ट्रंकेत साडीच्या घडीत सापडते. विवाहाच्या ज्ञापनावर शंभर रुपयांचं कोर्ट फी तिकीट, लग्न लावणाऱ्याची सही आणि तीन साक्षीदार. भटजी असोत, काझी असोत की भंतेजी, लग्न लावणारा दहा वर्षांत गाव बदलून गेलेला असतो. आणि ज्या लग्नात पाच क्विंटल बुंदी संपली होती, त्याला तीन साक्षीदार मिळता मिळत नाहीत. परवा एका जोडप्याबरोबर त्यांची दोन्ही पोरं आली होती. धाकटी म्हणाली, "पप्पा, मी होते का तेव्हा?" थोरल्यानं तिला गप्प केलं.

बाईच्या नावाचा घोळ तर लग्नातच सुरू होतो. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यावर बायकोचं नवं नाव लिहायचं. राजपत्राशिवाय नाव बदलण्याची ही आपली सगळ्यात जुनी सोय. ते तांदूळ पुढे खिरीत जातात, नाव उरतं. माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर सुमन, सासरच्या रेशनकार्डावर लक्ष्मीबाई, आणि साठाव्या वर्षी म्हातारीला शपथेवर लिहून द्यावं लागतं की सुमन आणि लक्ष्मीबाई या दोन्ही मीच. सही कुठली करायची यावरून पुन्हा वाद. लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीत नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं, तेव्हा ज्यांचे दोघेही गेलेले त्या बायका जुने मृत्यूचे दाखले शोधत भाऊकडे आल्या. काहींचे नवरे गेले तेव्हा गावानं हळहळ केली होती, जेवणावळ घातली होती, फ्लेक्सचा जमाना असता तर फ्लेक्सही लावला असता. दाखला तेवढा कुणी काढला नव्हता. यात मात्र हसण्यासारखं काही नाही. वर्ष उलटून गेलेली नोंद करायची तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि 2025 च्या सुरुवातीला उशिराच्या जन्मदाखल्यांवरून राज्यात जो गदारोळ झाला, चौकशी बसली, मार्चमध्ये नवी कडक पद्धत आली, त्यानंतर तर खऱ्या माणसालाही आपण खरे असल्याचं सिद्ध करायला घाम गाळावा लागतो. खोटे दाखले काढणाऱ्यांकडे पुरावे नेहमी पूर्ण असतात; अडतो तो कोतवालाच्या नजरेतून सुटलेला.

मृत्यूच्या अर्जाबद्दल सांगायलाच हवं, कारण तो कुणी वाचत नाही. नमुना 2 चा एक भाग सांख्यिकीचा असतो. त्यात विचारलंय: मयत धूम्रपान करत होता का, किती वर्षं? तंबाखू खात होता का, किती वर्षं? सुपारी, पानमसाला? दारू, किती वर्षं? सरकारला हे आकडेवारीसाठी हवं असतं आणि त्यामागचा हेतू स्वच्छ आहे. पण प्रश्न विचारला जातो तो टक्कल केलेल्या तिघा मुलांना.

"तंबाखू?"

थोरला छताकडे बघतो. मधला थोरल्याकडे.

"कधीमधी."

"किती वर्षं?"

"पन्नासेक."

"दारू?"

शांतता. मग धाकटा, "घ्यायचे, पण कुणाला त्रास नव्हता," आणि बाहेर बसलेली म्हातारी आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "मला विचारा ना!"

फ्लेक्सवर हेच गृहस्थ 'निर्व्यसनी, मनमिळाऊ, धार्मिक व्यक्तिमत्त्व' असतात. म्हणून मी म्हणतो, आमचा ओढा फ्लेक्सकडे आहे तो उगाच नाही.

जन्म आणि मृत्यू यांच्या मधे आणखी एक नोंद असते, ती पेन्शनवाल्यांनाच माहीत. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा. उत्तर प्रदेशात आझमगडच्या लालबिहारी नावाच्या माणसाला महसूल दप्तरानं 1975 साली मयत करून टाकलं. तो जिवंत आहे हे दप्तरानं मान्य केलं 1994 साली. त्यानं मधल्या काळात स्वतःच्या नावापुढे 'मृतक' लावलं आणि अशा माणसांचा संघ काढला. आमच्या निवृत्तांना एवढं भोगावं लागत नाही, पण वर्षातून एकदा आपण आहोत हे पटवून द्यावंच लागतं. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन मॅनेजरसमोर उभं राहायचं. 2014 पासून जीवन प्रमाण आलं, अंगठा यंत्रावर ठेवायचा. पण आयुष्यभर खडू धरलेल्या बोटांवर रेषा कुठून राहणार? मग चेहरा ओळखणारं ॲप आलं. मोबाइल समोर धरायचा आणि डोळे मिचकवायचे.

मागच्या नोव्हेंबरात आमचे हेडमास्तर, ज्यांनी अर्ध्या पडेगावाला एक जून दिला ते, भाऊच्या बाकड्यावर बसलेले होते. डोक्याला मफलर, चष्मा काढून खिशात. भाऊनं मोबाइल धरला.

"सर, डोळे मिचकवा."

सर टक लावून पाहत राहिले. चाळीस वर्षं वर्गाकडे पाहायचे तसे.

"सर, मिचकवा ना. फोटोतला माणूस नाही, खरा माणूस आहे, हे पाहू राहिलं ते."

सरांनी एकच डोळा मिचकावला. नेमकी तेव्हाच समोरून अंडी घ्यायला आलेल्या काकू थबकल्या, पदर सावरला आणि अंडी न घेताच निघून गेल्या. बाकड्यावरच्या रांगेत खसखस पिकली. ॲपला मात्र तेवढं पुरलं. सर हयात ठरले.

"प्रिंट काढू का सर?"

"काढ. आणि लॅमिनेशन कर."

"सर, पुढच्या वर्षी हा चालत नाही. नवा काढावा लागतो."

"तू कर लॅमिनेशन," सर चष्मा लावत म्हणाले. "घरी दाखवायचाय."